इंजिन निवेपर्यंत

हे मनन बसून करायचं आहे, पण घरात नाही. रस्त्याच्या कडेला, बॉनेट उघडं टाकून. त्याला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि हा वेळ तुम्ही काढलेला नसतो, तुमच्यावर येऊन पडलेला असतो. गाडी गरम झालेली असते आणि रेडिएटरचं झाकण उघडायची सोय नसते. माणसं हा वेळ बहुधा चिडण्यात, ओळखीच्या मेकॅनिकला सातवा फोन लावण्यात आणि झाकणाला फडकं गुंडाळून "आता झालं असेल" म्हणण्यात घालवतात. आपण तो जरा निराळा घालवून बघू.

ज्यांची गाडी आत्ता सुखरूप दारात उभी आहे, त्यांनी जागा तेवढी मनात आणावी. मे महिना, दुपारचे दोन. येवल्यात विंचूर चौफुलीवर नाशिक–संभाजीनगर रस्ता आणि नगर–मनमाड रस्ता एकमेकांना छेदतात. तिथली गर्दी कशीबशी ओलांडून तुम्ही मनमाडच्या दिशेने लागला आहात. एसी पूर्ण. मागे मावशी बसली आहे, मांडीवर पैठणीचा बॉक्स (येवल्याचं नाव काढलं की पैठणी येतेच, ती आपली बॉक्समध्येच राहू द्या). मावशीला मनमाडहून रेल्वे पकडायची आहे. समोर अनकाई-टनकाई किल्ल्यांची जोडी उन्हात पांढुरकी झालेली, पलीकडे हडबीची शेंडी, जिला नवी पोरं थम्स-अपचा डोंगर म्हणतात. आणि तापमानाचा काटा हलतो.

तुमची गाडी छोटी आणि नवी असेल तर काटा नसेलही. अशा बऱ्याच गाड्यांत नुसता दिवा असतो: निळा म्हणजे इंजिन अजून थंड, लाल म्हणजे तापलं. लाल दिवा लुकलुकायला लागला की विचार करायला वेळ आहे असं समजू नका.

आता इथे मनाला थोडं मागे न्या. काटा मधल्या जागेवरून वर सरकला, ते तुम्ही पाहिलं होतं. पाहिलं, आणि गाडी चालवत राहिलात. हे जवळपास प्रत्येक जण करतो. त्या दोन किलोमीटरमध्ये मनात काय चाललं होतं ते आठवा, सावकाश. काटाच बिघडला असेल. चढ आहे म्हणून असेल. मावशीची गाडी चुकेल. मागे बसलेल्यांना कळायला नको. आणि सगळ्यात खाली, कोणी उघड बोलत नाही असं एक: गाडी भर रस्त्यात बंद पडणं हे आपल्याकडे अजून थोडं अपमानाचं आहे. बॉनेट उघडून उभ्या असलेल्या माणसाकडे जाणारा-येणारा बघतो, आणि "सेकंडहॅन्ड घेतली होती का?" हा प्रश्न नातेवाइकांपैकी कोणीतरी विचारतोच.

माझं मत असं की इंजिनं खराब होतात ती याच दोन किलोमीटरमध्ये. फुटलेला होज पाइप ही किरकोळ गोष्ट आहे. तो फुटलेला असताना "मनमाड आलंच की" म्हणत गाडी रेटली की आतलं ॲल्युमिनियमचं हेड उष्णतेने वाकतं, हेड गॅस्केट जातं, आणि मग मिस्त्री हात पुसत "इंजिन खोलावं लागेल" म्हणतो. त्याच्यानंतरचा आकडा ऐकायला लोक खुर्ची मागतात.

तेव्हा थांबा. डावा इंडिकेटर, वेग कमी, एसी बंद. थांबायला धड जागा मिळेपर्यंत काही शे मीटर जायचंच असेल तर हीटर पूर्ण गरमवर टाका आणि पंखा जोरात करा. मे महिन्यात येवल्यात हीटर लावायला सांगणारा माणूस वेडा वाटेल, पण हीटर म्हणजे इंजिनाच्याच गरम पाण्यावर चालणारा एक छोटा रेडिएटर असतो. तो तेवढी उष्णता ओढून तुमच्या पायांवर टाकतो. हीटर लावूनही हवा थंडच येत असेल तर समजा, आत पाणी उरलेलंच नाही. आणि एवढ्यात काटा आपण होऊन खाली आला तर हुरळून जाऊ नका. पाणी संपलं की तापमान मोजणारा सेन्सर कोरडा पडतो आणि खोटं सांगायला लागतो. वाफ दिसली तर मात्र हीटर वगैरे काही नाही. कडेला घ्या आणि इंजिन बंद.

चारही इंडिकेटर लावा. माणसं उतरवा, रस्त्याच्या बाजूने नव्हे, शेताच्या बाजूने. गाडीच्या पुढे किंवा मागे कोणी उभं राहायचं नाही. या रस्त्याने पानेवाडीच्या इंधन डेपोतून भरलेले टँकर जातात, शिर्डीच्या गाड्या जातात, कांद्याच्या ट्रॉल्या जातात, आणि सगळेच समोर बघून चालवतात असं नाही. डिकीतला लाल त्रिकोण काढून निदान पन्नास मीटर मागे ठेवा. आपल्याकडे त्रिकोणाऐवजी दगड आणि बाभळीची फांदी ठेवायची चाल आहे. ठेवलेत तर जाताना उचला. गाडी दुरुस्त होऊन निघून जाते, दगड रस्त्यातच राहतो, आणि रात्री मोटरसायकलवरून घरी जाणाऱ्या माणसाला तो दिसत नाही. दुसऱ्याचं संकट मागे ठेवून जाण्याची ही रीत मला आपल्या रस्त्यांवरच्या सगळ्या खड्ड्यांपेक्षा वाईट वाटते.

बॉनेटची कळ आतून ओढा. वाफ येत असेल तर ती कमी होईपर्यंत वर उचलायची घाई नको. उचलल्यावर हात मागे. रेडिएटरचा पंखा विजेवर चालतो आणि इंजिन बंद असतानाही आपण होऊन सुरू होऊ शकतो. त्याला तुमची बोटं दिसत नाहीत.

आता कडुनिंब असेल तर त्याच्या सावलीत, नसेल तर बांधावर, बसा.

पहिली काही मिनिटं नुसता आवाज ऐका. धातू निवताना टक्-टक् करतो. आधी भराभर, मग विरळ. हा बिघाडाचा आवाज नाही. तापून पसरलेले भाग पुन्हा आपल्या मापात येत आहेत. तुमच्या छातीतही तसंच काहीसं चालू असेल, तर त्यालाही तेवढाच वेळ द्या. एक दीर्घ श्वास, सोडताना जरा लांबवून. झाकणाकडे बघू नका.

झाकणाकडे बघितलंच, तर ते का उघडायचं नाही ते नीट मनात घ्या. रेडिएटरमधलं पाणी बंद जागेत, दाबाखाली असतं, घरातल्या कुकरसारखं. दाबामुळे ते शंभर अंशांवरही उकळत नाही, वीसेक अंश आणखी चढू शकतं, आणि त्यात कूलंट असेल तर अजून थोडं. झाकण फिरवलं की दाब जातो आणि आतलं सगळं पाणी एका क्षणात उकळून उसळतं. तोंड आणि हात भाजलेली माणसं बेफिकीर नसतात, ती घाईत असतात. तसंच वरून थंड पाणीही ओतायचं नाही. तापलेल्या धातूवर एकदम गार पाणी पडलं की तो तडकू शकतो. म्हणजे या अर्ध्या तासात इंजिनासाठी करण्यासारखं काहीच नाही. ही कल्पना आपल्याला सहन होत नाही, म्हणून तर हात शिवशिवतात.

मावशी घड्याळ बघते आहे. इथे मनात दोन काळज्या एकमेकींत गुंतल्या आहेत आणि त्या सोडवल्या की निम्मं ओझं जातं. रेल्वे मावशीला पकडायची आहे, गाडीला नाही. येवला–मनमाड रस्त्यावर एसटी असते, काळी-पिवळी असते, ओळखीचं कोणी निघतं. मावशीला हात दाखवून बसवून द्या, बॅग सांभाळून ठेवायला सांगा. मनमाड जंक्शन पंचवीसेक किलोमीटरवर आहे, ती पोचेल. ती गेली की तुमच्याजवळ फक्त एक तापलेलं इंजिन उरतं, आणि ते कोणाचीच वाट बघत नसतं.

मग उष्णतेचाच विचार करा. ती आली कुठून? पेट्रोल जळतं, त्यातली साधारण तिसरा हिस्सा ताकद, बरेचदा त्याहूनही कमी, चाकांपर्यंत पोचते. बाकीची उष्णता होऊन सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून हवेत जाते. पंपावर आपण जे पैसे मोजतो, त्यातले निम्म्याहून जास्त अशा रीतीने वाऱ्यावर जातात, आणि तरीही गाडी चालते हे नवल आहे. गाडी गरम होते हा दोष नव्हे. ती सतत, प्रत्येक सेकंदाला गरम होतच असते आणि एक पंप, एक पंखा, एक थर्मोस्टॅट आणि चार-पाच लिटर पाणी मिळून तिला नव्वद अंशांच्या आसपास धरून ठेवतात. वर्षानुवर्षं. आज त्यांच्यातलं कोणीतरी चुकलं.

कोण, ते इथून उठल्याशिवायही थोडंफार कळू शकतं. त्यासाठी मागे जायचं, एकेक पाऊल.

आज गाडी कधी तापली? चौफुलीच्या गर्दीत उभी असताना तापली आणि मोकळ्या रस्त्यावर काटा उतरला, असं असेल तर पंख्याकडे बघा: फ्यूज, रिले, मोटर, किंवा उंदराने कुरतडलेली वायर. (उंदरांचा उपद्रव ही थट्टेची गोष्ट नाही. चार दिवस गाडी न हलवलेल्या घरांत बॉनेटखाली तंबाखूची पानं ठेवणारी माणसं मला माहीत आहेत. उपयोग होतो की नाही यावर त्यांच्यात दोन पक्ष आहेत.) गावात ठीक आणि रस्त्यावर वेग घेतल्यावर तापली, तर रेडिएटर आतून तुंबलेला असू शकतो. सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा वर गेला, तर पाणी कमी किंवा थर्मोस्टॅट अडकलेला.

गेल्या आठवड्यात? रोज सकाळी गाडी काढल्यावर जमिनीवर ओल दिसत होती का? एसीचं पाणी खाली ठिबकतं, ते स्वच्छ, बिनवासाचं असतं, त्याची काळजी नको. ते बघून घाबरून गॅरेजला जाणारेही असतात. कूलंट हिरवं, लाल, निळं, गुलाबी असं कुठल्या तरी रंगाचं असतं, बोटाला बुळबुळीत लागतं आणि त्याला गोडसर वास असतो. चव घेऊन बघायची नाही. ते विष आहे, आणि गोड असल्यामुळे कुत्री चाटतात. पोरांपासूनही लांब ठेवायला हवं.

गेल्या महिन्यात? बॉनेटखालच्या पांढऱ्या प्लास्टिकच्या बाटलीवर दोन रेघा असतात, खालची किमान आणि वरची कमाल. पातळी खालच्या रेघेच्या खाली गेली होती, आणि तुम्ही, किंवा सर्व्हिस करणाऱ्या पोराने, नळाचं पाणी ओतून ती वर आणली होती. एकदा नाही, जातायेता.

इथे जरा जास्त वेळ रेंगाळा, कारण या तालुक्यात पाणी ही साधी गोष्ट नाही. पालखेडच्या डाव्या कालव्याचं आवर्तन कधी सुटतंय याकडे गावंच्या गावं डोळे लावून असतात, उन्हाळ्यात कितीतरी वस्त्यांवर टँकर जातो. बोअरला लागतं ते पाणी बहुतेक क्षाराचं. चहाच्या पातेल्याला जो पांढरा थर चढतो, तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आतून चढतो, आणि एकदा नळी अरुंद झाली की पाणी फिरायचं कमी होतं. शिवाय साध्या पाण्याने आतला धातू गंजतो. म्हणून कंपनी सांगते ते कूलंट, साधारण निम्मं-निम्मं डिस्टिल्ड वॉटरमध्ये मिसळून, किंवा तयार मिसळलेलं मिळतं ते. रंगावर जाऊ नका. दोन कंपन्यांचं हिरवं एकच असतं असं नाही. गाडीबरोबर आलेलं पुस्तक आठवा. ते ग्लोव्ह बॉक्समध्ये, प्लास्टिकच्या पिशवीत, घेतल्या दिवसापासून कोरं आहे. ते आणून आत्ता चाळा, वेळ आहेच.

आता उठायला हरकत नाही. झाकण राहू द्या. गाडीभोवती एक चक्कर मारा, घड्याळाच्या काट्यासारखी सावकाश, आणि चारही टायरांजवळ खाली बसा. दोन पायांवर, हात टेकून. टायर इतक्या जवळून आपण पंक्चर झाल्याशिवाय बघत नाही. मधली नक्षी घासली आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त भरली जात होती. दोन्ही कडा घासल्या असतील तर कमी. एकच कड उतरली असेल तर अलाइनमेंट गेलेलं आहे, आणि स्टिअरिंग सोडल्यावर गाडी एका बाजूला ओढते हे तुम्हाला आधीच माहीत असणार. खड्ड्यांना दोष देऊन तुम्ही ते मागे टाकलं होतं. नक्षीच्या खाचेत अधूनमधून रबराचे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. कायद्याने ती खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जाऊ द्यायची नाही. टायरच्या बगलेवर लंबगोल चौकटीत चार आकडे शोधा. २३१९ असं असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी चांगली असली तरी रबर म्हातारं होतं. बगलेवर बारीक भेगा दिसतील.

आणि हवा. उन्हाळ्यात टायरमध्ये हवा कमी ठेवावी, नाहीतर फुटतो, हे आपल्याकडे इतक्या खात्रीने सांगितलं जातं की पंपावरची पोरंही विचारतात, "दादा, दोन कमी ठेवू?" खरं उलटं आहे. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, जास्त मुडपतो, आणि त्या मुडपण्यानेच तापतो. वेगात तापलेला टायर फुटतो. किती हवा भरायची ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेलं असतं. थंड टायरवर मोजायची, आणि रस्त्यात तापलेल्या टायरमधली काढायची नाही.

हे इथे सांगायचं कारण आहे. येवल्याच्या शेजारच्या कोपरगाव आणि वैजापूर तालुक्यांतून समृद्धी महामार्ग गेला. नागपूर ते शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला, आणि ५ जून २०२५ ला शेवटचा तुकडा उघडून ७०१ किलोमीटरचा रस्ता पुरा झाला. मोटारींना ताशी १२० ची मुभा. सरळ, काँक्रीटचा, सावली नसलेला रस्ता. सुरुवातीच्या महिन्यांतच टायर फुटून अपघात व्हायला लागले आणि आरटीओची माणसं महामार्गावर चढणाऱ्या गाड्यांचे टायर तपासायला उभी राहिली. जे टायर गावातल्या गावात, चाळीसच्या वेगाने, कांद्याच्या ट्रॉलीमागे वर्षभर निमूट चालले, तेच तिथे अर्ध्या तासात फुटले. तुमच्या या टायरांना तुम्ही पुढच्या महिन्यात नागपूरला घेऊन जाणार आहात का, हा प्रश्न इथेच, खाली बसूनच, स्वतःला विचारा. उत्तर कोणाला द्यायचं नाही. स्टेपनीकडेही एक नजर टाका. तिच्यात हवा असते असं आपण गृहीत धरलेलं असतं.

रस्त्याने पेट्रोलचा टँकर जातो. त्यातल्या पेट्रोलमध्ये आता वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, आणि कोपरगावकडच्या साखर कारखान्यांच्या डिस्टिलऱ्यांमुळे ही गोष्ट या भागाला परकी नाही. त्यावरून कट्ट्यावर रोज वाद होतात: ॲव्हरेज पडलं, इंजिन खाल्लं, गाडी तापते. एवढं खरं की इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने ताकद कमी असते, तेव्हा ॲव्हरेज थोडं उतरणार. आणि एप्रिल २०२३ च्या आधीच्या, विशेषतः बऱ्याच जुन्या गाड्यांचे रबरी पाइप आणि सील यांच्यावर लक्ष ठेवलेलं बरं. पण आज रेडिएटरमधलं पाणी गेलं ते इथेनॉलमुळे नाही. मोठ्या कारणावर बोट ठेवलं की आपल्या बाटलीची पातळी बघायची राहिली होती हे विसरायला सोपं जातं.

एवढ्यात समोरच्या वस्तीवरून कोणीतरी येतो. बहुधा येतोच. हातात पाच लिटरचा कॅन. "पाणी टाका की, भाऊ." त्याला झाकण उघडू देऊ नका, पण बसायला सांगा. त्याच्या शेतातलं बोअरचं पाणी क्षाराचं असेल. अडचणीत ते चालतं, घरी गेल्यावर आतलं सगळं पाणी काढून धुऊन घ्यायचं एवढं लक्षात ठेवायचं. तो विचारेल, गाडी कुठली, कुठे चालला होता, कांद्याला काय भाव ऐकला. बोला त्याच्याशी. गाडीत काच बंद करून आपण या माणसांच्या शेजारून ताशी ऐंशीने वर्षभर जात असतो.

आता पैशांची काळजी. तिला टाळलं तर ती घरापर्यंत मागे येते, म्हणून इथेच समोर बसवा. सगळ्यात स्वस्त काय असू शकतं? क्लिप सैल, होज चिरलेला, झाकणाचं रबर गेलेलं, फ्यूज उडालेला. मधलं? पंख्याची मोटर, थर्मोस्टॅट, वॉटर पंप, रेडिएटर. सगळ्यात महाग? हेड. पहिल्या दोन गटांतलं काही असण्याची शक्यता बरीच जास्त आहे, आणि तुम्ही वेळेत थांबला असाल तर तिसऱ्यापासून तुम्ही स्वतःच वाचला आहात. नाही थांबलात, तर ते बदलता येणार नाही. हप्ता, शाळेची फी आणि हे, असा महिना जाईल. हा हिशोब मनात एकदा पुरा करा आणि सोडा. तोच हिशोब सतरा वेळा केला म्हणून बिल उतरत नाही.

वरच्या जाड होज पाइपच्या जवळ, वीतभर अंतरावर, हात धरून बघा. धग लागत नाही? मग बोट टेकवा. पाइप दाबून बघा. घट्ट, फुगलेला लागला तर आत अजून दाब आहे, आणखी बसा. मऊ लागला आणि हाताला सोसेल इतका निवला असेल तर वेळ झाली. तो दाबत असतानाच त्याची टोकं बघा. जिथे पत्र्याची क्लिप पाइपला आवळते, तिथे वाळलेल्या कूलंटची हिरवट-पांढरी कड जमली असेल, मिठाच्या रेघेसारखी बारीक नाही, चांगली नखाने निघेल इतकी. नखाने काढा. तिच्याखाली रबरात चीर असेल. ही कड एका दिवसात जमत नाही.

झाकणावर जाड फडकं, तोंड बाजूला, आणि पाव फेरा. फुस्स् झालं तर तिथेच थांबा, पूर्ण शांत होऊ द्या, मग उघडा. पाणी थोडं थोडं ओता. इंजिन सुरू करून, सावकाश, बुडबुडे येणं थांबेपर्यंत. झाकण लावा. चिरेतून पिचकारी उडत असेल तर पुढे जायचंच नाही, टो करा. एक-दोन थेंब येत असतील तर येवल्यापर्यंत एसी बंद ठेवून, डोळा काट्यावर ठेवून, वाटेत दोनदा थांबायची तयारी ठेवून परत फिरा. मनमाड आज राहिलं. दगड ठेवले असतील तर आठवणीने उचला.

गॅरेजमध्ये गेल्यावर मिस्त्रीला निदान सांगू नका. "हेड गेलंय वाटतं" असं म्हटलं की चांगला मिस्त्रीही हेडकडे बघायला लागतो, आणि वाईट मिस्त्री तर तेवढ्याचीच वाट बघत असतो. घडलं ते क्रमाने सांगा: कुठे तापली, उभी असताना की चालताना, एसी होता का, वाफ कुठून आली, काटा किती वर गेला आणि त्यानंतर किती चालवली. शेवटचं लपवू नका. ते लपवलं तर तो चुकीच्या जागी शोधेल. मिस्त्रीकडे हातपंपासारखं एक यंत्र असतं, त्याने थंड रेडिएटरमध्ये हवेचा दाब देऊन गळती शोधता येते. ते करायला सांगा. "खोलल्यावर कळेल" असं तो म्हणाला तर तो फसवतोच आहे असं नाही, खूपदा ते खरंच खोलल्यावर कळतं. पण खोलण्याआधी एक आकडा ठरवा आणि त्याच्यावर काम निघालं तर हात लावण्याआधी फोन करायला सांगा. काढलेला पाइप परत मागून घ्या. संशय म्हणून नव्हे. चीर कुठे पडते ते एकदा हातात घेऊन बघितलं की पुढच्या वेळी नजर आपोआप तिथे जाते.

तो म्हणेल, "संध्याकाळी या." संध्याकाळी गेल्यावर म्हणेल, "सकाळी या." हाही वेळच आहे.

गाडी घरी आली की पुढचे काही दिवस सकाळी, थंड असताना, त्या पांढऱ्या बाटलीची पातळी बघा. झाकण न उघडता, बाहेरूनच दिसते. जिथे आहे तिथे राहिली तर प्रकरण मिटलं. रोज थोडी थोडी उतरत असेल आणि खाली जमिनीवर एक थेंबही नसेल, तर पाणी इंजिनाच्या आत जातं आहे. इंजिन ऑइलचं झाकण उघडून आतल्या बाजूला दुधाळ फेस आहे का बघा, सायलेन्सरमधून पांढरा, गोडसर वासाचा धूर येतो का बघा. त्यातलं काही दिसलं तर गाडी सुरू न करता मिस्त्रीला घरी बोलवा.